कान घडवणारे निरोप

२००७ साली तुर्कस्तानातल्या तीन कुटुंबांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या घरांतली काही माणसं जन्मापासून ठार बहिरी होती. बाहेरचे कान लहान, दात बारीक आणि विरळ. स्कॅन केल्यावर खरा प्रकार कळला. कवटीच्या ज्या हाडात अंतर्कर्णाच्या पोकळ्या असायला हव्यात, तिथं पोकळीच नव्हती. ऐकण्यासाठी लागणारी वळणदार कॉक्लिया नव्हती, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका नव्हत्या. बाकी शरीर जागच्या जागी आणि एक अख्खा अवयव गैरहजर. कारण सापडलं एकाच जनुकात, एफजीएफ-३ मध्ये. आई आणि वडील दोघांकडून या जनुकाची बिघडलेली प्रत मुलांकडे आली होती. एकच प्रत बिघडलेल्या आईवडिलांना मात्र व्यवस्थित ऐकू येत होतं. अशा आजारांना नात्यातली लग्नं हातभार लावतात. मामेबहिणीशी लग्न लावायची रीत पाळणाऱ्या आपल्याकडच्या घरांनाही हे गणित लागू पडतं.

यातली चक्रावणारी बाब पुढेच आहे. कान बांधायला लागणाऱ्या साहित्यात एफजीएफ-३ या प्रथिनाचा समावेश नाही. ज्या घडीला कानाची सुरुवात होते, त्या घडीला हे प्रथिन मुख्यतः शेजारी, घडणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागात तयार होत असतं. तिथून ते बाहेर झिरपतं आणि बाजूच्या त्वचेच्या थरातल्या पेशींपर्यंत पोचतं. म्हणजे हा एक निरोप आहे. निरोप पोचला नाही म्हणून कान झालाच नाही.

अशा निरोप्या प्रथिनांना ग्रोथ फॅक्टर किंवा वृद्धिघटक म्हणतात. एक पेशी ते बाहेर सोडते. दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर ते पकडतो. मग त्या पेशीच्या आत एकामागून एक प्रथिनं जागी होत जातात आणि शेवटी केंद्रकातली काही जनुकं चालू होतात, काही बंद. पेशी वाढेल, विभागेल, आकार बदलेल, मज्जापेशी होईल की जागीच मरेल, हे त्यावर ठरतं. ‘वृद्धी’ हे त्यांच्या कामापैकी एक काम आहे, आणि कानाच्या गोष्टीत तर ते सगळ्यात महत्त्वाचंही नाही.

प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्यांनी कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड्स पाहिलेल्या असतात. २४ तास, ३३ तास, ४८ तास, ७२ तास असा तो ठरलेला क्रम असतो. ३३ तासांच्या स्लाइडवर मेंदूचे फुगवटे दिसतात, हृदयाची नळी दिसते, पाठीच्या दोन्ही बाजूंना सोमाइटचे चौकोनी ठोकळे दिसतात. कान म्हणावं असं काही नजरेत भरत नाही. तरी याच सुमाराला पश्चमस्तिष्काच्या, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाच्या, दोन्ही बाजूंना बाह्यस्तराची, म्हणजे त्वचेच्या थराची, एकेक चकती जाड व्हायला लागलेली असते. तिथल्या बुटक्या पेशी उंच होतात आणि एकमेकींना खेटून उभ्या राहतात. या चकतीला ओटिक प्लॅकोड म्हणतात. ४८ तासांच्या स्लाइडवर तिथं खळगा दिसतो. ७२ तासांच्या स्लाइडवर खळग्याचं तोंड मिटून एक बंद पिशवी झालेली असते. विद्यार्थी तिच्याकडे बाण काढून ‘ऑडिटरी व्हेसिकल’ लिहितात आणि पुढच्या स्लाइडकडे वळतात. मोदकाच्या पारीच्या कडा उचलून वर एकत्र आणाव्यात, तशी ही चकती आत खोल जात वरून बंद होते. १८३१ साली एमिल हुश्के या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञानं अंतर्कर्ण असा त्वचेच्या खळग्यातून होतो हे दाखवलं. माणसाच्या गर्भात हे सगळं चौथ्या आठवड्यात घडतं. पुष्कळ बायकांना तेव्हा नुकती पाळी चुकल्याचं लक्षात येत असतं.

पुढं या एका पिशवीतूनच कॉक्लिया निघते, तीन अर्धवर्तुळाकार नलिका निघतात, तोलाचे इतर अवयव निघतात आणि ऐकण्याची खबर मेंदूकडे नेणाऱ्या मज्जापेशीही निघतात. त्वचेच्या एका चकतीतून इतकं काही निघावं, आणि तेही ठरल्या जागी, ही मला गर्भविज्ञानातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

चकती नेमकी तिथंच का जाड होते? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाचा पाठपुरावा झाला तो सुई आणि चिमट्यानं. हान्स श्पेमान यांच्या १९२४ च्या प्रयोगांनी गर्भातला एक भाग दुसऱ्या भागाचं भवितव्य ठरवतो हे दाखवलं होतं. त्यानंतर सॅलमँडरच्या, बेडकाच्या, कोंबडीच्या गर्भातले तुकडे इकडून तिकडे बसवून पाहायची लाटच आली. कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९३७ साली कोंबडीतल्या कानाच्या चकतीचं भवितव्य कधी पक्कं होतं यावर निबंध लिहिला. याच वॉडिंग्टन यांच्याकडे एडिंबरोला लीला मुल्हेरकर यांनी काम केलं आणि परत येऊन पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या गर्भावरच्या संशोधनाची परंपरा रुजवली. आपल्याकडच्या अनेक विकास-जीवशास्त्रज्ञांची नाळ त्या परंपरेशी जुळते. १९६० च्या दशकात अमेरिकेत अँटोन जेकब्सन यांनी सॅलमँडरवर काम करून कानाच्या सुरुवातीला एकाहून अधिक शेजारी जबाबदार असतात हे दाखवलं: खालचा अंतःस्तर, मधला मध्यस्तर आणि बाजूचा मेंदू, आणि तेही एकापाठोपाठ. निरोप कोण देतं हे कळलं होतं. निरोप कशाचा बनलाय हे मात्र कुणाच्या हाती नव्हतं.

ते हाती लागण्याची वाट तुरिनमधल्या एका झोपण्याच्या खोलीतून गेली. मुसोलिनीच्या वंशवादी कायद्यांमुळे रिता लेवी-मोंताल्चिनी यांना विद्यापीठातलं काम सोडावं लागलं. त्यांनी घरातच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून त्यांची हत्यारं केली आणि कोंबडीच्या अंड्यांवर काम चालू ठेवलं. बाँबहल्ले वाढल्यावर हा सगळा संसार खेड्यातल्या घरात हलवला. १९४७ साली व्हिक्टर हँबर्गर यांनी त्यांना सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बोलावलं. कोंबडीच्या गर्भाच्या ४६ पायऱ्यांचा तक्ता आज जगभर वापरला जातो, तो १९५१ साली बनवणाऱ्या दोघांपैकी एक हेच हँबर्गर. लेवी-मोंताल्चिनी यांचं नाव मज्जातंतूंच्या वृद्धिघटकाशी, म्हणजे एनजीएफशी जोडलेलं आहे. त्यासाठी स्टॅनली कोहेन यांच्याबरोबर त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं. कानाशी असलेला त्यांचा संबंध फारसा सांगितला जात नाही. १९४९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला एक मोठा निबंध याच विषयावरचा आहे. कोंबडीच्या गर्भातली कानाची पिशवी लहानपणीच काढून टाकली, तर मेंदूतल्या ऐकण्याच्या आणि तोलाच्या केंद्रांचं काय होतं, हे त्यांनी त्यात तपासलं होतं.

एफजीएफ हे कुटुंब त्यानंतरचं. १९७४ साली डेनिस गोस्पोदारोविच यांनी गाईच्या पिट्युटरी ग्रंथीतून एक प्रथिन वेगळं काढलं. संवर्धनातल्या फायब्रोब्लास्ट पेशी त्यानं भराभर विभागत होत्या, म्हणून त्याचं नाव पडलं फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर. आज माणसात अशी २२ प्रथिनं माहीत आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे निरोप घेणारे मुख्य रिसेप्टर मात्र चारच. आणि ज्या एफजीएफ-३ पासून आपण सुरुवात केली, ते तर आधी कॅन्सरच्या संशोधनात सापडलं. उंदरांना स्तनाचा कॅन्सर देणारा एक विषाणू जनुकसंचात ज्या जागी घुसतो, तिथलं हे जनुक. तेव्हा त्याचं नाव होतं इंट-२. १९८८ साली डेव्हिड विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी हे जनुक उंदराच्या गर्भात कुठं चालू असतं ते पाहिलं, तर पश्चमस्तिष्कात, कानाच्या अगदी शेजारी! इथून ट्यूमरचं जनुक आणि कान यांची सांगड बसली.

पण जोडी जुळल्यासारखी दिसणं वेगळं आणि कारण सिद्ध होणं वेगळं. १९९३ साली सुझन मन्सूर, मारियो कापेकी आणि सहकाऱ्यांनी एफजीएफ-३ नसलेले उंदीर तयार केले. कान नसेल अशी अपेक्षा असणार. पण कानाची पिशवी झाली. पुढची घडण बिघडली, तीही प्रत्येक उंदरात सारखी नाही. उत्तर मिळायला आणखी दहा वर्षं गेली. २००३ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की एफजीएफ-३ आणि एफजीएफ-१० ही दोन्ही एकाच वेळी काढली, की उंदराला अंतर्कर्ण होत नाही. मेंदूकडून एक येतं आणि खालच्या मध्यस्तराकडून दुसरं. एक चुकलं तर दुसरं सांभाळून घेतं.

त्याआधी वर्ष-दोन वर्षं झेब्राफिशमध्येही हाच प्रकार दिसला होता. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात त्याची नोंद केली. त्याचा गर्भ काचेसारखा पारदर्शक असतो. एका दिवसात कानाची पिशवी आणि तिच्यातले दोन चमकदार कण भिंगातून सरळ दिसतात. एफजीएफ-८ बिघडलेल्या माशात कान बारीक राहतो. त्याच्या जोडीला एफजीएफ-३ ही बंद केलं, की कान नाहीसाच होतो. मासा आणि उंदीर दोघांतही जोडीचं काम, फक्त जोडीदार वेगळे. आणि माणसात एकट्या एफजीएफ-३ च्या अभावानं अख्खा अवयव जातो. उंदरावरून माणसाचं अनुमान काढताना किती जपायला हवं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

कोंबडीत ही निरोपांची साखळी सर्वांत स्वच्छ दिसली. राज लाधेर आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘सायन्स’मध्ये दाखवलं की मध्यस्तरातून येणारं एफजीएफ-१९ आणि मेंदूकडून येणारं विंट-८सी (विंट हे निरोप्या प्रथिनांचं आणखी एक कुटुंब) ही दोन्ही मिळून बाह्यस्तराला कानाच्या वाटेवर आणतात. २००५ साली त्यांनी आणखी मागं जाऊन पहिली कडी शोधली. तळाच्या अंतःस्तरातलं एफजीएफ-८ मध्यस्तराला एफजीएफ-१९ बनवायला लावतं. मध्यस्तराचं एफजीएफ-१९ मेंदूच्या नळीला चेतवतं. मग मेंदूची नळी विंट पाठवते. जेकब्सन यांनी सॅलमँडरमध्ये चिमट्यानं पाहिलेला अंतःस्तर, मध्यस्तर, मेंदू हा क्रम चाळीस वर्षांनी कोंबडीत रेणूंच्या भाषेत समोर आला. लाधेर पुढे जपानमधल्या कोबेच्या रिकेन संस्थेतून बंगळूरच्या एनसीबीएसमध्ये आले. ही संस्था मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचंच केंद्र आहे. उंदरात एफजीएफ-१९ चा समकक्ष एफजीएफ-१५ आहे, आणि तो काढला तरी उंदराचा कान नीट होतो. पृष्ठवंशी प्राण्यांनी काम तेच ठेवलं, पण करणारे हात बदलत नेले.

मग प्रश्न येतो: एफजीएफ सोडलं की कुठल्याही त्वचेचा कान होईल का? नाही होत. अँड्र्यू ग्रोव्ह्ज यांच्या प्रयोगशाळेतून २००६ साली आलेलं काम इथं फार मोलाचं आहे. कोंबडीच्या गर्भातल्या कोऱ्या बाह्यस्तराला एफजीएफ दिलं, तर कानाची खूण असलेलं पॅक्स-२ हे जनुक चालू होत नाही. पण तोच तुकडा आधी काही काळ डोक्याभोवतीच्या एका विशिष्ट पट्ट्यात बसवला आणि नंतर त्याला एफजीएफ दिलं, की तो प्रतिसाद देतो. डोक्याच्या भोवतीचा हा पट्टा म्हणजे नाक, डोळ्याचं भिंग, कान या सगळ्यांची सामायिक जमीन. तिथल्या पेशींत सिक्स-१, आया-१ अशी जनुकं आधीच चालू असतात. निरोप घेण्याची तयारी निरोपाच्या आधी यावी लागते. आया-१ बिघडलेल्या माणसांत कानापुढं बारीक छिद्र, मानेत गाठी किंवा नळ्या, मूत्रपिंडाचे दोष आणि बहिरेपणा एकत्र आढळतात. ज्या बाळाला कानाजवळ छिद्र असेल आणि ऐकू कमी येत असेल, त्याच्या मूत्रपिंडाची सोनोग्राफी करायला डॉक्टर सांगतात ते याच कारणानं.

एफजीएफ चकतीच्या पेशींना फक्त ‘तुम्ही कान व्हा’ एवढंच सांगून थांबत नाही, ते चकती वाकवतंसुद्धा. लाधेर यांच्याच गटानं २००८ साली हे जवळून पाहिलं. चकतीतल्या उंच पेशीचं एक टोक बाहेर, एक टोक आत मध्यस्तराकडे. एफजीएफचा निरोप आतल्या टोकाशी येतो. तिथं मायोसिन हे प्रथिन जागं होतं आणि त्या टोकाचं ॲक्टिनच्या तंतूंचं जाळं विस्कटतं. जाळं सैल पडलं की पेशीचा तळ पसरतो. शेजारच्या सगळ्या पेशींचे तळ एकाच वेळी पसरले, की सपाट चकतीला खोलगट व्हावंच लागतं. त्यानंतर वरची टोकं आवळली जातात आणि खळगा खोल जातो. सहसा मायोसिन म्हटलं की आकुंचन डोळ्यांसमोर येतं. इथं ते जाळं मोडायचं काम करतं, आणि मोडण्यातूनच घडण होते.

निरोप थांबण्यालाही महत्त्व आहे. कानाच्या चकतीच्या लगतच दुसऱ्या चकत्या असतात. त्यांतून चव घेणाऱ्या आणि आतड्याची, हृदयाची खबर मेंदूला देणाऱ्या मज्जापेशी होतात. सुरुवातीला हा सगळा परिसर एकच असतो आणि एफजीएफनंच तो जागा केलेला असतो. मग ज्या पेशींवर एफजीएफ चालूच राहतं, त्या पेशी शेजारच्या चकत्यांकडे वळतात. ज्यांच्यावरचं एफजीएफ ओसरतं आणि विंट वाढतो, त्यांचा कान होतो. कानाची सुरुवात करून देणारा निरोप वेळेत उतरला नाही, तर तोच कानाची वाट अडवतो.

पिशवी झाली. आता तिला पुढं-मागं, वर-खाली कळायला हवं. येल विद्यापीठातले रॉस हॅरिसन यांनी सॅलमँडरच्या कानाची चकती उचलून फिरवून बसवली आणि काय होतं ते पाहिलं. १९३६ साली त्यांनी मांडलं की पुढची-मागची दिशा आधी पक्की होते आणि वरची-खालची नंतर. कोवळी चकती फिरवली तर नवीन जागेप्रमाणे कान नीट होतो. थोडी थोराड चकती फिरवली तर उलटा कान होतो. मधल्या वयात दोन आरशातल्या प्रतिमा जोडल्यासारखे कान होतात, दोन्ही पुढचे भाग किंवा दोन्ही मागचे. या निरीक्षणाला रेणूंचं स्पष्टीकरण मिळायला सत्तर वर्षं लागली. पुढची-मागची दिशा रेटिनॉइक आम्लावर ठरते. ‘अ’ जीवनसत्त्वापासून होणारं हे आम्ल मागच्या बाजूला बराच वेळ मिळतं, पुढच्या बाजूला थोडाच वेळ. वरची दिशा मेंदूच्या वरच्या भागातून येणारे विंट ठरवतात आणि तिथं तोलाचे अवयव होतात. खालची दिशा पृष्ठरज्जू आणि मेंदूच्या तळातून येणारं सॉनिक हेजहॉग नावाचं निरोप्या प्रथिन ठरवतं, आणि तिथून कॉक्लिया निघते. सॉनिक हेजहॉग नसलेल्या उंदरात कॉक्लिया होत नाही.

इथं एक सावधगिरी सांगायलाच हवी. मुरुमांवर दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या म्हणजे रेटिनॉइक आम्लाचंच एक रूप. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत ते आम्ल बाहेरून भलत्या प्रमाणात आलं, की कान, चेहरा, हृदय आणि मेंदूत दोष येतात. गरोदरपणात या गोळीला सक्त मनाई आहे आणि गोळी घेणाऱ्या बाईनं गर्भ राहू न देण्याची पक्की काळजी घ्यायची असते. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून औषधाच्या दुकानातून ही गोळी आणणाऱ्या मुलींपर्यंत हे पोचायला हवं.

अर्धवर्तुळाकार नलिका कशा होतात हेही पाहण्यासारखं आहे. पिशवीच्या भिंतीतून आधी चपटे खिसे बाहेर येतात. खिशाच्या मधल्या भागात दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतात आणि तो भाग नाहीसा होतो. काठाला उरते ती नलिका. कुठला भाग नाहीसा व्हायचा आणि कुठला राहायचा? नलिकेच्या तोंडाशी जो संवेदनशील पट्टा असतो, तिथून एफजीएफ निघतं आणि आसपासच्या भिंतीला टिकून राहायला सांगतं. डोरिस वू यांच्या गटानं २००४ साली कोंबडीत हे दाखवलं. म्हणजे हालचाल ओळखणारा अवयव आपल्याला लागणारी नलिका स्वतःच मागून घेतो.

पिशवीच्या भिंतीतून काही पेशी सुटून बाहेर पडतात आणि त्यांच्या मज्जापेशी होतात. त्यांना जगण्यासाठी लेवी-मोंताल्चिनी यांच्या एनजीएफचीच भावंडं लागतात. कॉक्लियाच्या मज्जापेशींना मुख्यतः एनटी-३, तोलाच्या अवयवांच्या मज्जापेशींना मुख्यतः बीडीएनएफ. ही दोन्ही काढली तर उंदराच्या अंतर्कर्णात मज्जापेशी टिकत नाहीत. आयजीएफ-१ नावाचा आणखी एक वृद्धिघटक आहे. तो अजिबात नसलेल्या एका मुलाची नोंद १९९६ साली झाली. त्याची वाढ खुंटलेली होती आणि त्याला ऐकूही येत नव्हतं.

माणसाची कॉक्लिया उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर भरते. तिच्यात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशींची एक रांग आणि बाहेरच्या केसपेशींच्या तीन रांगा. आतल्या सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या सुमारे १२,०००. दोहोंच्या मध्ये खांबपेशी तिरक्या टेकून उभ्या असतात, आणि त्यांच्यामधून एक बोगदा जातो. रांगेची ही शिस्त बिघडली की ऐकणं बिघडतं. एफजीएफ-२० नसलेल्या उंदरात बाहेरच्या केसपेशींपैकी सुमारे दोन तृतीयांश होतच नाहीत. उंदीर बहिरा होतो, पण त्याचा तोल शाबूत राहतो. हे काम २०१२ साली डेव्हिड ऑर्निट्झ यांच्या प्रयोगशाळेतून आलं. ती सेंट लुइसच्या त्याच वॉशिंग्टन विद्यापीठात आहे.

खांबपेशींची गोष्ट मला याहून आवडते. आतल्या केसपेशी एफजीएफ-८ सोडतात. लगतच्या पेशींवर एफजीएफ रिसेप्टर-३ असतो. निरोप मिळाला की त्यांच्या खांबपेशी होतात. हा रिसेप्टर नसलेले उंदीर बहिरे असतात, त्यांच्यात तो बोगदाच नसतो. हे १९९६ साली कळलं. आता उलट बाजू. स्प्राउटी-२ नावाचं एक प्रथिन एफजीएफचा निरोप पेशीच्या आत दाबून ठेवतं. ते काढलं तर निरोप जास्त लांबवर ऐकू जातो, आणि पलीकडची, जिनं आधाराची पेशी व्हायचं होतं तीही खांबपेशी होते. एक खांब जास्त. तरीही उंदीर बहिराच. गेल मार्टिन यांच्या प्रयोगशाळेनं २००५ साली या उंदरांत एफजीएफ-८ ची एक प्रत कमी केली. निरोप दाबणारं नाही, मग निरोपच थोडा कमी करू, असा सरळ विचार. पेशी पुन्हा आपापल्या जागी आल्या आणि ऐकणंही सुधारलं. निरोप कमी झाला तरी बहिरेपण, जास्त झाला तरी बहिरेपण. कुठल्या औषधानं हा तोल बाहेरून साधता येईल अशी आशा धरणाऱ्यांनी हा प्रयोग आधी नीट वाचावा.

आशा आहेच, कारण १९८८ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या दोन निबंधांनी दाखवलं की पक्ष्यांच्या केसपेशी मोठ्या आवाजानं मेल्या तर नव्यानं तयार होतात. आपल्या कॉक्लियातल्या होत नाहीत. गेल्या त्या गेल्या. म्हणून गर्भातले निरोप प्रयोगशाळेत पुन्हा देऊन पाहायचे प्रयत्न सुरू झाले. २०१३ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कार्ल कोहलर, एरी हाशिनो आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मूळपेशींचे गोळे केले आणि गर्भाचा क्रम पाळला. आधी त्वचेचा बाह्यस्तर व्हावा म्हणून बीएमपी-४ हा आणखी एक निरोप. मग बीएमपी रोखून एफजीएफ-२. गोळ्यांत प्लॅकोडसारख्या चकत्या आल्या, खळगे पडले, पिशव्या झाल्या, आणि काही आठवड्यांनी आत केसपेशी उगवल्या. विद्युत नोंदी घेतल्यावर त्या केसपेशींसारखा प्रतिसाद देत होत्या. क्रम चुकवला तर हे घडत नाही. २०१७ साली माणसाच्या मूळपेशींतूनही हे जमलं.

या केसपेशी मात्र कॉक्लियाच्या नव्हत्या, तोलाच्या अवयवांतल्या होत्या. पिशवीला ‘खाली’ कुठं आहे ते सांगणारं प्रयोगशाळेच्या ताटात कुणी नव्हतं. २०२३ साली हाशिनो यांच्या गटानं सॉनिक हेजहॉगचा निरोप वाढवला आणि विंटचा वेळ बघून दाबला. तेव्हा माणसाच्या पेशींतून कॉक्लियाच्या धाटणीच्या केसपेशी मिळाल्या. त्या रांगेत मात्र उभ्या नाहीत. आत एक, बाहेर तीन आणि मध्ये बोगदा ही मांडणी, आणि ३५ मिलिमीटरची वळणारी नळी, अजून कुठल्याही ताटात झालेली नाही.